ढगांखालचे मार्क

छोटी पंचेचाळिशीला आली होती, चष्म्याचा नंबर वाढला होता, हाताखाली सहा माणसं होती, तरी घरात ती छोटीच. हे नाव दादानं ठेवलेलं. तो तिच्याहून चौदा वर्षांनी मोठा. आई-वडील लवकर गेले तेव्हा त्यानंच तिला शिकवलं, आणि शिकवून झाल्यावर ‘मी काय केलं, तिचं डोकंच तसं’ असं सगळ्यांना सांगत फिरला. अशा भावाची बहीण असणं सोपं नसतं. माणसाला सारखं चांगलं वागावं लागतं.

तिचं काम सांगायला गमतीचं होतं. डोंगरावर बर्फ किती आहे आणि तो कधीपर्यंत टिकेल, हे ती डोंगर न चढता सांगायची. उपग्रह रोज वरून फोटो काढायचा. आभाळ मोकळं असलं की काम सोपं. पण हिवाळ्यात डोंगर महिना-महिना ढगांत असायचे, आणि ढगही पांढरे, बर्फही पांढरा. म्हणून ढगांची जागा आधी ओळखून कोरी सोडायची, आणि तिथं खाली काय असेल याचा अंदाज कॉम्प्युटरवरच्या मॉडेलनं बांधायचा: थंडी किती, पाऊस किती, उंची किती, उतार कुठल्या दिशेला. त्यातून नकाशा तयार व्हायचा. बर्फ पांढरा, उघडी जमीन तपकिरी. वर्षअखेर मॉडेलनं आधी काय सांगितलं आणि उपग्रहाला नंतर काय दिसलं, हे शेजारी-शेजारी ठेवून मॉडेलला मार्क द्यायचे. लागोपाठ तीन वर्षं शंभरापैकी शहाण्णव पडत होते. छोटीच्या खोलीबाहेरच्या फळ्यावर कोणीतरी तो आकडा मोठा करून लिहिला होता, आणि तो पुसायचं कोणाच्या मनात आलं नव्हतं. तिच्याही नाही.

दादा त्याच डोंगरांच्या पायथ्याशी असलेल्या धरणाचा प्रमुख होता. हिवाळा सरता-सरता त्याला दरवर्षी एक निर्णय घ्यावा लागे. वर बर्फ भरपूर असेल तर तो वितळून येणाऱ्या पाण्यासाठी धरणात जागा करायची, म्हणजे दरवाजे उघडून आधीचं पाणी सोडून द्यायचं. नाही सोडलं तर खालच्या गावांत पूर. आणि सोडलं पण वर बर्फच नसला, तर शहराला उन्हाळाभर प्यायला पाणी नाही. पूर्वी त्याची माणसं पोकळ नळ्या घेऊन वर जायची, नळी बर्फात खुपसून खोली मोजायची. एका वर्षी बर्फाचा कडा सुटला आणि त्यातल्या एकाचा पाय कायमचा गेला. दादा ते कधी विसरला नाही. छोटीचा नकाशा आला तसं त्यानं माणसं वर पाठवणं बंद केलं.

“तुझ्यामुळे माझी माणसं हिवाळ्यात घरी असतात,” असं तो फोनवर म्हणायचा. छोटीला हे वाक्य फार आवडायचं. इतकं, की तिनं ते एकदा भाषणातसुद्धा वापरलं होतं.

त्या वर्षी हिवाळा संपत आला तेव्हा तिच्या संस्थेत लगबग होती. सगळ्या धरणांचा कारभार पाहणाऱ्या मंडळापुढे गुरुवारी तिचं सादरीकरण होतं. मंडळाला पटलं, तर पुढच्या वर्षापासून प्रत्येक धरण तिच्या नकाशावर चालणार होतं. साहेब, म्हणजे संस्थेचे प्रमुख, दिवसातून दोनदा तिच्या खोलीत डोकावून ‘काही हवंय का’ विचारून जात होते. एरवी ते आठवड्यातून एकदा दिसले तरी पुष्कळ.

सोमवारी दुपारी ती सादरीकरणासाठी एक साधा आलेख काढत होती. एकूण मार्क दाखवून झाले होते; आता कुठल्या आठवड्यात किती मार्क पडले ते दाखवावं, जरा भारदस्त दिसेल, असा तिचा विचार. आलेख आला. ती त्याच्याकडे बघत राहिली. मोकळ्या आभाळाच्या आठवड्यांत मार्क बरे होते, फार नव्हे. ढग वाढले की मार्कही वाढत होते. आणि ज्या आठवड्यांत डोंगराचा एक दगडसुद्धा दिसला नव्हता, त्या आठवड्यांत शंभरापैकी जवळजवळ शंभर.

हे उलटं होतं. जिथं काहीच दिसत नाही, तिथं सगळ्यात जास्त चुका व्हायला हव्यात.

चूक शोधायला तिला फार वेळ लागला नाही, कारण ती तिचीच होती. कोऱ्या जागांमुळे मार्क देणारा प्रोग्रॅम मधेच बंद पडत होता, म्हणून एका घाईच्या दुपारी तिनं एक ओळ लिहिली होती: कोरी जागा दिसली की तिथं मॉडेलचाच अंदाज भर. शेजारी लिहिलं होतं, तात्पुरतं. आता ऑफिसात तात्पुरतं म्हणून ठेवलेलं टेबलसुद्धा लोक रिटायर होईपर्यंत तिथून हलत नाही, तर ही ओळ कोण हलवणार? तेव्हापासून मॉडेल ढगांखाली अंदाज बांधत होतं, तोच अंदाज फोटोत भरला जात होता, आणि मग मॉडेलचं उत्तर त्या फोटोशी ताडून पाहिलं जात होतं. पेपर लिहिणाराच पेपर तपासत होता. एवढंच असतं तरी ठीक, मार्क खोटे ठरले असते आणि विषय संपला असता. पण तो भरलेला फोटो दुसऱ्या दिवशी मॉडेल ‘उपग्रहानं पाहिलेलं’ म्हणून वाचत होतं. काल स्वतःच म्हणालं बर्फ आहे, म्हणून आज बर्फ आहे. या हिवाळ्यात दादाच्या धरणावरचं सगळं खोरं कित्येक आठवडे ढगांतच होतं. तिथला बर्फ कोणीही पाहिलेला नव्हता.

छोटीचे कान तापले. आणि तिनं पहिली गोष्ट काय केली, तर मागे वळून पाहिलं, दारात कोणी उभं तर नाही ना. नंतर कित्येक दिवस तिला चुकीपेक्षा ते मागे वळून पाहणं जास्त आठवायचं.

दुसरी गोष्ट तिनं करायला हवी होती ती म्हणजे फोन. तो तिथंच टेबलावर होता. पण तिनं स्वतःला समजावलं की आधी नीट तपासलं पाहिजे, उगाच घबराट नको. तपासणं हे तर तिचं कामच. शिकलेल्या माणसाला लपायला याच्याइतकी चांगली जागा दुसरी नाही. तिथं बसलेल्याला कोणी उठ म्हणत नाही.

मंगळवारी सकाळी दादाचाच फोन आला. ती कॉरिडॉरमध्ये होती, समोरून साहेब पाहुण्यांना घेऊन येत होते. दादानं दोन दरवाजे आधीच उघडले होते. ऊन वाढायला लागलं होतं, वरचा बर्फ कधीही सुटेल म्हणून त्याला घाई होती.

“बोल छोटी, तिसरा उघडू ना? तुझ्या नकाशात वरचं खोरं सगळं पांढरं दिसतंय.”

साहेबांनी लांबूनच हात केला. पाहुणे हसून बघत होते.

“नकाशात दिसतंय तसं आहे, दादा,” ती म्हणाली.

“मग झालं. जेवतेस ना वेळेवर?”

ती हो म्हणाली. दोन्ही प्रश्नांना तिनं दिलेली उत्तरं खोटी होती, आणि दोन्हींवर त्यानं विश्वास ठेवला.

बुधवारी तिनं खरंच तपासलं. तीन वेगवेगळ्या रीतींनी तपासलं आणि तिन्ही वेळा तेच आलं. ढगांखाली भरलेलं काढून टाकलं की शहाण्णवाचे एकाहत्तर होत होते, आणि दादाच्या खोऱ्याबद्दल मॉडेलला छातीठोक काहीच सांगता येत नव्हतं. आता तपासायचंसुद्धा काही उरलं नव्हतं. तरी ती गप्प राहिली. एक दिवसानं काय बिघडतंय, सादरीकरण होऊ दे, मग शांतपणे सांगू, असं तिचं मन तिला गोड बोलून सांगत होतं. आपलंच मन आपल्याशी इतकं गोड बोलायला लागलं की सावध व्हावं, एवढं तिला कळत होतं. ती झाली नाही, इतकंच.

गुरुवारी सादरीकरण झकास झालं. शहाण्णवचा आकडा पडद्यावर आला तेव्हा मंडळातले दोघे-तिघे एकमेकांकडे पाहून मान हलवू लागले. एका वयस्कर सदस्यानं साधा प्रश्न विचारला, की ढग असतात तेव्हा काय करता? ‘ती जागा मॉडेल भरून काढतं,’ असं तिनं सांगितलं. अक्षर न् अक्षर खरं होतं. त्यांचं समाधान झालं. टाळ्या वाजल्या. साहेबांनी सगळ्यांसमोर तिचा हात हातात घेऊन हलवला आणि तिला वाटलं, आता जमीन दुभंगेल तर बरं.

पार्किंगमध्ये गाडीत बसून तिनं दादाला फोन लावला. सगळं सांगितलं, भरभर, तांत्रिक शब्दांत. दादाला ते शब्द कळले नाहीत पण अर्थ लगेच कळला. तिला त्याच्याकडचा आवाज ऐकू आला: तो कोणालातरी तिन्ही दरवाजे बंद करायला सांगत होता, आत्ताच्या आत्ता, कागद-बिगद नंतर. मग तो पुन्हा फोनवर आला.

“केव्हा कळलं तुला?”

खरं सांगायला एक शब्द पुरला असता.

“आत्ता,” ती म्हणाली. “आत्ताच, दादा. कळलं तसा फोन केला.”

“बरं केलंस. दुसऱ्या कोणी लपवलं असतं.”

दुसऱ्या दिवशी तिनं साहेबांना सांगितलं, की काल मीटिंग संपल्यावर सहज आकडे चाळताना लक्षात आलं. एकदा थाप मारली की दुसऱ्यांदा तीच मारायला फार कष्ट पडत नाहीत. तिला वाटलं होतं साहेब चिडतील, ओरडतील. तिला ते हवंही होतं. साहेब भला माणूस निघाला. त्यांनी तिच्यासमोरच मंडळाला फोन करून नकाशा मागे घेतला. पुढच्या सोमवारी सगळ्यांना बोलावून ते म्हणाले की चूक कोणाचीही होते, पण चूक कळताक्षणी स्वतःहून येऊन सांगायला हिंमत लागते, आणि अशी माणसं आपल्याकडे आहेत याचा मला अभिमान आहे. सगळे तिच्याकडे वळून बघू लागले. एकीनं तर तिला कॉफी आणून दिली. छोटीनं ती प्यायली, कारण न पिण्याचं कारण सांगता येत नव्हतं.

त्यानंतर ढग उठले. स्वच्छ फोटो आला. वरचं खोरं शिखरांच्या टोकापर्यंत तपकिरी होतं, कुठं-कुठं चुन्याचा हात फिरवल्यासारखा पांढरा. त्या हिवाळ्यात वर बर्फ पडलाच नव्हता, पाऊस पडून वाहून गेला होता. वरून येणार म्हणून ज्या पाण्यासाठी दादानं जागा केली होती, ते आलंच नाही. धरण निम्म्याच्याही खाली राहिलं.

उन्हाळ्यात शहराला एक दिवसाआड पाणी सुरू झालं, मग दोन दिवसांआड. लोक काय, हातात रिकामी बादली असली की कोणालाही नावं ठेवतात, आणि इथं तर दादाचं नाव तयारच होतं. वहिनी टँकरच्या रांगेत उभी राहायची तेव्हा मागच्या बायका तिला ऐकू जाईल इतक्या हळू बोलायच्या. पुराची भीती घालून पाणी ओतून दिलं म्हणे, जाता-जाता शहर कोरडं करून चालला. दादा त्या उन्हाळ्याअखेर निवृत्त होणार होता. त्याआधी चौकशी बसली. ठपका आला तर त्याला शेवटचे दोन महिने घरी बसवणार, निरोप नाही की समारंभ नाही, आणि आयुष्यभराच्या नोकरीवर शेवटची ओळ ती.

नकाशावाल्यांतर्फे माहिती द्यायला छोटीला बोलावलं होतं. ती आदल्या संध्याकाळी दादाकडे उतरली. सकाळी वहिनीनं तिला न्हाणीघर दाखवलं. आत काठोकाठ भरलेली बादली होती. घरातल्या दोघांनी तांब्या-तांब्यात अंघोळ उरकली होती, हे तिला जेमतेम ओल्या झालेल्या फरशीवरून कळलं.

“वहिनी, एवढं पाणी कशाला? मला अर्धी बादली पुरते.”

“असू दे. पाहुणी आहेस. आणि एवढं तोंड पाडून बसू नकोस,” वहिनी म्हणाली. “तू तुझ्या बाजूनं लगेच सांगितलंस. हे तर सारखं तेच सांगतात सगळ्यांना.”

छोटीनं दार लावून घेतलं. तिनं दोन तांबे पाणी घेतलं आणि नंतर नुसती बसून राहिली, आत पुरेसा वेळ गेलाय असं वाटेपर्यंत. इतकी लाज तिला टाळ्यांच्या वेळीसुद्धा वाटली नव्हती.

चौकशी एका लहानशा लांबट खोलीत होती. टेबलाच्या एका बाजूला तिघे, मधे अध्यक्षबाई, केस पांढरे, बोलणं मुद्द्याचं. समोर खुर्चीत दादा, इस्त्रीचा शर्ट, हात गुडघ्यांवर. छोटी भिंतीशी ठेवलेल्या खुर्च्यांत. तिनं नकाशाची चूक काय होती ते सांगितलं. अध्यक्षबाईंनी दोन प्रश्न विचारले, दोन्ही नेमके, आणि तिला बसायला सांगितलं. केव्हा कळलं हे त्यांनी विचारलं नाही. ते संस्थेच्या पत्रात आधीच लिहिलेलं होतं, अभिमानानं.

मग त्या दादाकडे वळल्या. पहिले दोन दरवाजे उघडले ते समजू शकतं, त्या म्हणाल्या, तेव्हा नकाशा सगळ्यांनाच बरोबर वाटत होता. पण सगळ्यात जास्त पाणी गेलं ते तिसऱ्या दरवाज्यातून. तो राहिला असता तर शहराला निदान रोज थोडं-थोडं पाणी मिळालं असतं. तिसरा उघडायच्या आधी खात्री करावीशी नाही वाटली? कोणाला विचारलं होतं का?

छोटी दादाकडे पाहत होती. त्यानं नुसतं मान वळवून तिच्याकडे बोट दाखवलं असतं तरी तो सुटला असता.

“नाही,” दादा म्हणाला. “तो निर्णय माझा. घाई माझी झाली. दरवाज्याची जबाबदारी धरणावरच्या माणसाची असते, कॉम्प्युटरची नाही. आणि नकाशावाल्यांबद्दल एक सांगतो, म्हणजे उगाच त्यांच्याकडे बोट जायला नको. ती माझी बहीण आहे हे तुम्हाला माहीत आहे. तरी सांगतो. तिला ज्या दिवशी कळलं त्याच दिवशी तिनं मला कळवलं. एक दिवस थांबली नाही. मी तिला लहानाची मोठी केलीय, मला माहीत आहे ती कशी आहे.”

अध्यक्षबाईंनी मान हलवली आणि त्या काहीतरी लिहू लागल्या.

छोटी उठून उभी राहिली. उभं राहायचं तिनं ठरवलं नव्हतं. बसून राहणं जमेना, म्हणून ती उठली.

“मला सोमवारी कळलं होतं,” ती म्हणाली.

कोणाला लगेच उलगडा झाला नाही. अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. छोटीनं पुन्हा सांगितलं: चूक तिला गुरुवारी नाही, सोमवारी दुपारी सापडली होती. सादरीकरण होईपर्यंत ती बोलली नाही. पत्रात लिहिलंय ते खोटं आहे, आणि तो खोटेपणा संस्थेचा नाही, तिचा आहे.

दादा खुर्चीत वळला. तो रागावला नव्हता. गर्दीत ओळखीचा चेहरा दिसावा आणि नाव आठवू नये, तसा तो तिच्याकडे बघत होता.

“मंगळवारी मी तुला फोन केला होता,” तो म्हणाला. हळू म्हणाला, फक्त तिला.

पण खोली लहान होती.

“कसला फोन?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

दादा पुन्हा टेबलाकडे वळला.

“काही नाही,” तो म्हणाला. “घरचा होता.”

त्याला आता सगळं कळलं होतं, आणि कळल्यावर पहिली गोष्ट त्यानं ही केली. आता गप्प बसली असती तर चाललं असतं. त्यानं तिला तेवढी वाट करून दिली होती, आयुष्यभर देत आला तशी.

“घरचा नव्हता,” ती म्हणाली. “तिसरा दरवाजा उघडू का, असं त्यानं मला विचारलं होतं. मला सगळं माहीत होतं. तरी मी त्याला सांगितलं, नकाशात दिसतंय तसं आहे.”

अध्यक्षबाईंनी आधीचं लिहिलेलं खोडलं आणि तिला तारीख विचारली, वेळ विचारली, ती कुठं उभी होती ते विचारलं. छोटी एकेक सांगत गेली, नजर न चुकवता. चुकवण्यासारखी नजर तिथं एकच होती, आणि ती तिच्याकडे वळलीच नाही. सगळं संपेपर्यंत दादा मान खाली घालून बसला होता, जणू ‘नकाशात दिसतंय तसं आहे’ हे वाक्य त्यानंच कोणाला तरी सांगितलं होतं.